पहिल्या अंकाचं शेवटचं गाणं

१

ताईंचा आवाज फुटला तेव्हा त्या भरलेल्या नाट्यगृहात त्यांच्याकडे न बघणारा बहुधा मी एकटाच होतो.

यात माझं काही शहाणपण नव्हतं. मला संगीत नाटक बघवत नाही. माणसं बरी भांडत असतात, आता काहीतरी निकाल लागेल म्हणून आपण सरसावून बसतो, आणि नेमका तेव्हाच त्यातला एक जण भांडण अर्धवट टाकून गायला लागतो. दुसराही निमूट ऐकून घेतो. माझी सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानातले तराजू, गोदामातले मोठे काटे, सगळे तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा. तिथे कुणी मध्येच गायला लागलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

पण बायकोपुढे माझं काही चालत नाही. तिच्या बहिणीची मुलगी या नाटकात होती. लहानपणापासून तिला सगळे चिमणीच म्हणतात. नाटकात तिला मोलकरणीचं छोटंसं काम होतं आणि शिवाय ती राणीचं मुख्य काम करणाऱ्या ताईंची बदली होती. म्हणजे ताई आजारी पडल्या तर त्यांची भूमिका तिने करायची. ताई आजारी पडत नसत. बायकोने हे नाटक इतक्यांदा पाहिलं होतं की भाजी चिरताना तिच्या तोंडून त्यातले संवाद निघायचे. मी मात्र दर वेळी निसटलो होतो. दाढ दुखून झाली, कंबर धरून झाली. शेवटी त्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला तिने मला दंडाला धरून नेलं आणि पहिल्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर बसवलं.

तिथून रंगमंच तिरपा दिसायचा, पण त्याच्यासमोरच्या खोलगट जागेत बसलेले वादक स्वच्छ दिसायचे. मी त्यांच्याकडेच बघत बसलो. निदान ती माणसं काहीतरी काम करत होती. मधोमध कीबोर्डवर मास्तर बसले होते. नाटकाचं संगीत त्यांचं. त्यांच्या बाजूला व्हायोलिन वाजवणारी मुलगी आणि मागे ड्रमवाला.

पहिल्या अंकाचं शेवटचं गाणं आलं. मोलकरणीच्या वेशातली चिमणी कपात पाणी घेऊन आली. ताईंनी ते सगळ्यांसमोर प्यायलं, कप तिथेच टेबलावर ठेवला आणि त्या जिना चढू लागल्या. मास्तरांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबून सुरुवात केली. व्हायोलिनवालीने गज उचलला, एकदाच ओढला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग तो मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहिली. मला तिचा हेवा वाटला. इतक्यात बायकोने कोपराने ढोसलं आणि कुजबुजली, "ऐका तरी! आज काय लागलाय आवाज! आज रंगणार बघा."

गाणं चढत गेलं, ताई जिना चढत गेल्या, आणि अगदी वरच्या पायरीवर, अगदी वरच्या सुरावर, त्यांचा आवाज कापड टरकन फाटावं तसा फाटला.

कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी हसलंही नाही. उरलेली ओळ ताईंनी नुसती बोलून संपवली. पडदा पडला. आणि पडद्याआडून पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येईल असा ताईंचाच आवाज आला, "पाण्यात काय घातलं होतंस?"

बायकोने माझा हात घट्ट पकडला. पाणी कुणी दिलं होतं ते सगळ्या नाट्यगृहाने पाहिलं होतं.

२

आम्ही दोघं आत धावलो. रंगपटाबाहेरच्या अरुंद बोळात सगळी मंडळी गोळा झाली होती. ताई खुर्चीवर बसल्या होत्या. रंगमंचावरचा कप त्यांच्या हातात होता आणि तो त्या कुणालाच देत नव्हत्या. समोर चिमणी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा रंगाखालीसुद्धा पांढराफटक दिसत होता.

"पाणी कडू होतं," ताई म्हणाल्या. "मी प्यायले तेव्हाच मला कळलं."

"ताई, शपथ घेऊन सांगते, मी नेहमीचंच कोमट पाणी दिलं," चिमणी म्हणाली.

"माझा आवाज गेला तर फायदा कुणाचा? माझ्या जागी कोण उभं राहणार?"

कंपनीचा व्यवस्थापक मध्ये उभा होता. भला माणूस, पण तापल्या तव्यावर उभा असल्यासारखा पाय बदलत होता. तो हळूच म्हणाला, "मला बोलायचं नव्हतं, पण आता बोलावं लागतंय. आज सकाळी तालीम नव्हती. तरी मी हिला मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं. मला बघून ही दचकली." मग चिमणीकडे वळून त्याने विचारलं, "सकाळी इथे काय करत होतीस?"

चिमणीने मान खाली घातली. "ते मला सांगता येणार नाही."

झालं. बोळात कुजबुज सुरू झाली. ताईंनी कप मांडीवर आपटला. "हिला आत्ताच्या आत्ता काढा. ही इथे असेपर्यंत दुसऱ्या अंकाचा पडदा उघडणार नाही."

पोरगी गाण्यासाठी घर सोडून आमच्याकडे राहायला आलेली. सकाळ-संध्याकाळ न्हाणीघराचं दार लावून रियाज करायची आणि मी बाहेरून दार ठोठावायचो. कंपनीतून काढलं तर एक वेळ दुसरं काम मिळालं असतं. पण बाईच्या पाण्यात काहीतरी कालवलं म्हणून काढलं, असा डाग लागलेल्या मुलीला कोण दारात उभं करणार? तिचं गाणं त्या बोळातच संपणार होतं आणि हे तिलाही कळत होतं.

माझी बायको एरवी परक्या माणसांत फारसं बोलत नाही. ती पुढे झाली. "आमच्या ह्यांनी सगळा जन्म लबाड माणसं पकडण्यात घालवलाय. जरा मध्यंतर लांबवा. हे बघतील काय झालंय ते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. खोटे तराजू पकडणं वेगळं आणि हे वेगळं. पण बुडत्या व्यवस्थापकाला काहीही चाललं असतं. "बघा साहेब," तो हात जोडून म्हणाला. "मी प्रेक्षकांना सांगतो की दिव्यांमध्ये बिघाड झालाय."

मी ताईंजवळ गेलो आणि अदबीने कप मागितला. त्यांनी तो दिला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी वास घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत ते पिऊन टाकलं.

"अहो!" बायको किंचाळली.

३

"पाणीच आहे," मी म्हणालो. "जरा जास्त कोमट आहे, एवढंच."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?" ताई कडाडल्या. "गळा माझा गेलाय, तुमचा नाही!"

त्यांचा आवाज बोळाच्या त्या टोकापर्यंत खणखणीत गेला. तिथे इस्त्री करणाऱ्या बाईंनी दचकून मागे पाहिलं. मी मनात नोंद केली. गळा बिघडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती कुजबुजतात, खाकरतात, पाणी मागतात. ताई मघापासून ओरडत होत्या आणि एकदाही खोकल्या नव्हत्या. मग बिघडलं होतं ते काय?

चिमणीला मी कपडेपटात नेलं. टांगलेल्या झग्यांच्या मध्ये एका ट्रंकेवर ती बसली आणि तेव्हा कुठे रडली. मी तिला रडू दिलं. मला तिथे काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून एका कोटाची बटणं लावत उभा राहिलो.

"काका, तुम्हाला पण वाटतं का की मी—"

"मला वाटलं असतं तर ते पाणी प्यायलो असतो का? आता नीट सांग. गाण्याच्या वेळी तू कुठे होतीस?"

"विंगेत. कप देऊन आत आले आणि तिथेच उभी राहिले. मी रोज ऐकते ते गाणं." तिने डोळे पुसले. "आज सुरुवातीलाच मी घाबरले. वाटलं, देवा, आता काय होणार?"

"सुरुवातीलाच?"

ती चपापली. "म्हणजे... नाही, तसं नाही. नंतर. आवाज फुटला तेव्हा."

"बरं. सकाळी इथे कशाला आली होतीस?"

"शब्द दिलाय काका."

"कुणाला?"

तिने ओठ घट्ट मिटले. न्हाणीघराचं दार ठोठावल्यावरही ती अशीच गप्प बसायची. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. काम जायची वेळ आली तरी मुलगी दिलेला शब्द मोडत नव्हती. पण ज्याला तिने तो दिला होता, तो माणूस मघाशी बोळात उभा असणार, आणि तरीही गप्प राहिला असणार. हे मात्र मला अजिबात आवडलं नाही.

मी बाहेर आलो तर व्यवस्थापक धावतच समोर आला. "साहेब, लवकर काय ते करा. ताई रंग पुसायला बसल्यात."

४

व्हायोलिनवाली जिन्याखालच्या बाकावर बसून गजावर राळ घासत होती. मी शेजारी बसलो.

"छान वाजवता तुम्ही," मी म्हणालो.

"थँक्यू काका."

"त्या शेवटच्या गाण्यात तर फारच छान. मांडीवर हात ठेवून."

तिचा हात थांबला. मग ती हसली. "तार उतरली होती माझी. बेसूर वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं."

"आणि पडदा पडताना वाजवलंत, तेव्हा चढली आपोआप? मध्ये तुम्ही खुंटीला हात लावला नव्हता. मी बघत होतो."

"तुम्ही नाटक बघायला आला होतात का आम्हाला?"

"नाटक बघायला मला आणलं होतं. बघितलं मी तुम्हाला."

तिने राळेचा तुकडा पेटीत ठेवला. मग म्हणाली, "चिमणीने काही केलेलं नाही, एवढं मी सांगते. बाकीचं मला विचारू नका. जे करायला हवं ते ज्याचं त्याने करावं. मी कशाला वाईटपणा घेऊ?"

ती उठून गेली. आता बायको आली आणि तिने सवयीप्रमाणे माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. "काही कळलं का?"

"तू मला सांग. गाणं सुरू झालं तेव्हा तू मला ढोसलंस. का?"

"अहो, वेगळंच वाटलं आज. नेहमीसारखंच गाणं, पण कसं सांगू... उजळ. खिडकी उघडल्यासारखं. ताईसुद्धा किती खुशीत होत्या! मास्तरांकडे बघून हसल्या, आणि मग काय ती तान घेतली! तुम्हाला काय, तुम्ही खड्ड्यात बघत होता."

ती बोलत राहिली आणि मी बाकावरून उठलो. ताईंचा आवाज फुटला गाण्याच्या शेवटी. पण चिमणी घाबरली ती सुरुवातीला. व्हायोलिनवालीने गज खाली ठेवला तोही सुरुवातीला. आणि माझ्या बायकोला, जिला गाण्यातलं प्रेमापलीकडे काही कळत नाही, तिलाही काहीतरी वेगळं वाटलं ते सुरुवातीलाच. ताईंच्या तोंडून पहिला शब्द निघायच्या आधी तिथे वाजत होतं ते एकच.

आमच्या खात्यात नवा माणूस आला की तो दुकानातला माल बघत बसायचा, डाळ ओली आहे का, पोत्यात खडे आहेत का. मी त्याला सांगायचो की माल नंतर बघ. आधी रिकामा काटा बघ, शून्यावर उभा आहे का ते. मघापासून आम्ही सगळे पाणी आणि गळा तपासत होतो. काटा कुणी बघितलाच नव्हता.

मी पडद्याच्या कडेने वादकांच्या जागेत उतरलो. तिथे मास्तर एकटेच बसले होते. मला बघताच त्यांनी कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर हात ठेवला.

५

"हात काढा मास्तर," मी म्हणालो. "मला वाचता आलं तरी त्यातलं काही कळणार नाही. तुम्हीच सांगा."

मास्तर वयाने माझ्याएवढे, सडपातळ, चष्मा सतत नाकावरून घसरणारे. त्यांनी हात काढला. पडद्यावर एक आकडा होता, शून्य.

"इथे शून्य नसतं ना एरवी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि मग सगळं सांगून टाकलं. बहुधा कुणीतरी विचारायची ते वाटच बघत होते. गाणं किती उंचीवरून म्हणायचं याची एक पट्टी असते. हे गाणं बसवलं तेव्हा ताईंच्या तरुण आवाजासाठी पट्टी चांगली वर धरली होती. नाटक वर्षानुवर्षं चाललं, ताईंचं वय झालं आणि वरचा तो सूर जड जाऊ लागला. गेल्या वर्षी मास्तरांनी कुणाला न सांगता पट्टी थोडी उतरवली. कीबोर्डवर प्रत्येक गाण्याला एकेक बटण. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी पडतात, पण सूर खालून येतात. फक्त व्हायोलिनवालीला सांगावं लागलं, कारण तिला खालून वाजवावं लागणार होतं. लोक खूश आणि ताई खूश.

"आणि आज सकाळी?"

"चिमणीची तालीम घेतली. बदलीची तालीम ताईंना खपत नाही, त्यांना तो अपशकुन वाटतो. म्हणून चोरून घेतली आणि तिच्याकडून शब्द घेतला. तिच्या आवाजाला मूळची वरची पट्टी शोभते, म्हणून त्या बटणावर मूळचं, म्हणजे शून्य लावलं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "परत उतरवायला विसरलो. प्रयोगात बटण दाबलं आणि पहिल्याच सुराला मला घाम फुटला. पण गाणं सुरू झाल्यावर मधूनच पट्टी बदलता येत नाही."

"तुमच्या चुकीबद्दल मी काही म्हणत नाही. पण तिथे वर पोरीवर आळ आला तेव्हा तुम्ही बोळात होतात."

"होतो."

"आणि मूग गिळून बसलात!"

"ताईंना कळलं की वर्षभर आपण उतरलेल्या पट्टीत गातोय, तर त्या परत रंगमंचावर पाऊल ठेवणार नाहीत. मी त्यांना ओळखतो. चिमणीला मी दुसरीकडे काम मिळवून देईन, माझ्या ओळखी आहेत..."

मला संताप आला. कुणी प्रेमाने सरकवला तरी काटा सरकलेलाच असतो, आणि पलीकडच्या पारड्यात उभ्या असलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. हे मी त्यांना सांगितलंही, आणि जरा मोठ्यानेच. प्रेक्षागृहात पाय पसरून बसलेल्या दोघातिघांनी वाकून खाली पाहिलं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" मी विचारलं.

मास्तर उठले, पण लगेच परत बसले. "माझ्याने होणार नाही."

मी त्यांचा हात धरला. दुपारी बायकोने मला जसं धरून आणलं होतं, तसंच.

६

ताई आरशासमोर बसल्या होत्या. अर्धा चेहरा राणीचा आणि अर्धा स्वतःचा. व्यवस्थापक, चिमणी, व्हायोलिनवाली आणि माझी बायको दारात दाटीवाटीने उभी राहिली. मास्तर माझ्या मागे होते.

"ताई," मी सुरुवात केली, "मला गाण्यातलं काही कळत नाही, त्यामुळे मी फक्त माणसं बघितली. ते पाणी मी सगळ्यांदेखत प्यायलो आणि मला काही झालेलं नाही. तुमचा गळाही गेलेला नाही. गेला असता तर मघाशी त्या बोळात तुमचा आवाज असा घुमला नसता. तुमचा गळा सगळीकडे ठीक आहे, फक्त एका गाण्यात, एका सुरावर अडला. म्हणजे खोट गळ्यात नाही, त्या गाण्यात होती. आणि ती शेवटी नाही, सुरुवातीला शिरली. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच हिने व्हायोलिन थांबवलं, विंगेत चिमणी घाबरली. तेव्हा फक्त कीबोर्ड वाजत होता."

"काका, नका सांगू," चिमणी मागून म्हणाली. "मी जाते कंपनी सोडून. खरंच जाते. काही बिघडत नाही माझं."

ही मुलगी एवढ्यासाठीच गप्प होती तर. नुसता शब्द पाळायचा म्हणून नव्हे. समोरच्या बाईंनी तिला चारचौघांत चोर ठरवलं होतं आणि तरी ती त्यांनाच सांभाळत होती.  मी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर पुढे आले. "ताई, चूक माझी आहे. सकाळी हिची तालीम घेतली. त्यासाठी पट्टी मूळची लावली आणि परत उतरवायला विसरलो."

"परत उतरवायला," ताई सावकाश म्हणाल्या.

 व्यवस्थापकाला तेव्हा कुठे अर्थ लागला आणि त्याने दाराची चौकट धरली. मास्तर जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. पाप माझ्या माथ्यावर येणार.

ताईंनी कापसाचा बोळा घेतला आणि राणीचा उरलेला अर्धा चेहरा पुसू लागल्या. मग आरशातूनच चिमणीला विचारलं, "तुला सुरुवातीलाच कळलं?"

"हो."

"मग विंगेतून मला खूण का नाही केलीस? मी थांबले असते."

चिमणी घुटमळली. "तुम्ही इतकं सुंदर गात होता ताई. त्या वरच्या पट्टीत. मला वाटलं, जमेल तुम्हाला."

ताईंचा हात थांबला. बोळा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं."

७

मला कळायला जरा वेळ लागला. बायकोने मला सांगितलं होतं की गाणं सुरू होताना ताई मास्तरांकडे बघून हसल्या. पण मी तेव्हा खड्ड्यात बघत होतो आणि नंतरही ते कानाआड केलं. सुरुवातीलाच सगळं कळलेलं चौथं माणूस मी हिशेबात धरलंच नव्हतं.

"मास्तर," ताई म्हणाल्या, "सगळा जन्म मी गातेय. गेलं वर्षभर पट्टी उतरलेली आहे हे मला कळत नव्हतं, असं वाटलं तुम्हाला? पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीही बोलले नाही. बरं वाटत होतं. आज गाणं वरून सुरू झालं आणि मला वाटलं की तुम्हाला माझा भरवसा वाटला. म्हणून हसले. वाटलं, दाखवतेच यांना."

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. 

"आणि नाही जमलं," ताई पुढे म्हणाल्या. "पडदा पडला आणि माझ्या तोंडून पाणी कडू असल्याचं निघून गेलं. कसं निघालं ते मला माहीत नाही. एकदा निघाल्यावर मागे घेता येईना. सगळे ऐकत होते. पाणी चांगलं होतं." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तुम्ही पट्टी उतरवलीत, ते माझ्यावरच्या मायेपोटी. पण मी खोटं बोलत होते आणि तुम्ही गप्प बसलात. आपण दोघं म्हातारी माणसं आपापलं झाकत बसलो आणि मध्ये ही पोर भरडली गेली."

त्या उठल्या, रंगपटाच्या बाहेर आल्या आणि बोळात उभ्या राहून सगळ्या मंडळींना हाक मारली. इस्त्रीवाल्या बाई आल्या, ड्रमवाला आला, पडदा ओढणारे आले. त्या सगळ्यांसमोर ताईंनी चिमणीचे दोन्ही हात धरले.

"आळ मी इथेच, सगळ्यांसमोर घेतला होता. तो खोटा होता. हिने काही केलं नाही. मला गाता आलं नाही, म्हणून मी हिच्या माथी मारलं. मुली, मला माफ कर."

चिमणी त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला वाकू दिलं नाही. व्यवस्थापक नाक पुसत प्रेक्षकांना दिवे दुरुस्त झाल्याचं सांगायला धावला. माझी बायको उघड उघड रडत होती. रुमाल द्यावा म्हणून मी खिसे चाचपले, तर रुमाल मलाच लागला.

आम्ही आमच्या खुर्च्यांवर परत आलो. ताईंनी पुन्हा रंग चढवला आणि दुसरा अंक सुरू झाला. या वेळी मी रंगमंचाकडे बघत होतो. शेवटाकडे ते गाणं पुन्हा येतं, हे मला बायकोने आधीच कानात सांगून ठेवलं होतं. चिमणी कप घेऊन न येता नुसतीच येऊन राणीच्या शेजारी उभी राहिली. मास्तरांनी बटणावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं.

ताई सुरुवात करेनात. त्या रंगमंचाच्या अगदी कडेपर्यंत चालत आल्या. 

"मास्तर," सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "खालून घ्या. वरचं आता मला झेपत नाही."

मास्तरांनी पट्टी उतरवली आणि ताई गाऊ लागल्या.